पुसू का? हो / नाही

३ ऑगस्ट

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचा टीव्ही बिघडला आहे. 'बिघडला' हा शब्द तुमच्या माणसाला मान्य नाही. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, बिघडला नाही, अद्ययावत झाला." त्याच्याही आधी एका यंत्राने मला बजावलं की हे संभाषण प्रशिक्षणासाठी नोंदवलं जात आहे. मी फोन ठेवला. कोर्टात लघुलेखिका म्हणून मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं. माझं कोणी टिपलेलं मला चालणार नाही. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही.

हकिगत अशी. गेल्या मंगळवारी संध्याकाळी टीव्ही आपणहून बंद झाला, आपणहून सुरू झाला, आणि पडद्यावर आलं, 'नवी आवृत्ती बसवली आहे. नव्या अनुभवाचा आनंद घ्या.' मी काही मागितलं नव्हतं. टीव्हीच्या मागे रेकॉर्डिंगची डबी लावलेली आहे, हार्ड डिस्क म्हणतात ती. ही नवी आवृत्ती तिला ओळखत नाही. डबी उघडायला गेलं की पाटी येते: 'ही डिस्क वापरण्यासाठी ती पुसावी लागेल. पुसू का? हो / नाही.' मी 'नाही' दाबते. तो पुन्हा विचारतो. रोज विचारतो. साक्षीदाराला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारणारे वकील मी पाहिले आहेत, पण ते निदान मध्ये पाणी प्यायचे.

डबीत काय आहे ते तुला सांगायला हरकत नाही. तुझे काका टीव्हीवर द्यायचे ती हवामानाची बातमीपत्रं आहेत. निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली, रोजची. त्यांनीच हौसेने भरून ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ती डबी त्याच्याकडच्या टीव्हीला लावून पाहिली. उघडत नाही. ज्याने भरली त्या टीव्हीलाच ती दाद देते, असा प्रकार आहे. टीव्ही गेला की डबी गेली.

बातमीपत्रं मला पुरावा म्हणून हवी आहेत. काका दीड वर्षापूर्वी 'आठ दिवस हवापालट' म्हणून वन्संकडे गेले ते गेलेच. कशावरून गेले ते साऱ्या घराला ठाऊक आहे आणि सारं घर मलाच बोल लावतं. यांनी सांगितलं, उद्या आकाश निरभ्र. मी घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर टाकल्या. दुपारी त्या पिळून काढाव्या लागल्या. यांचं म्हणणं, ती सर स्थानिक स्वरूपाची होती. मी विचारलं, मग स्थानिकांनी झोपायचं कुठे? एवढंच विचारलं. बहिणीच्या भावाला ते लागलं.

तेव्हापासून मी रोज जेवताना एक बातमीपत्र बघते. आदल्या दिवशीचा अंदाज आणि दुसऱ्या दिवशीची नोंद ताडून पाहते. हे काम अर्धवट राहिलं आहे.

दुकानदार म्हणतो, जुनी आवृत्ती परत बसवली की डबी उघडेल. जुनी आवृत्ती तुमच्याकडे असणारच. पाठवून दे.

मावशी

१२ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र पोचलं. ऑफिसच्या पत्त्यावर हाताने लिहिलेलं पाकीट आलं म्हणून सुरक्षारक्षकाने ते आधी उजेडात धरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

तुझी तक्रार मी रीतसर नोंदवली आहे. कंपनीकडून तुला वेगळं उत्तर येईल. ते मीच लिहिलेलं असेल, पण तुला नाही, सगळ्यांना. माझं काम तेच आहे. ग्राहकांच्या तक्रारींचे आम्ही प्रकार पाडले आहेत आणि प्रत्येक प्रकाराचं उत्तर मी लिहून ठेवलं आहे. जुन्या मॉडेलांच्या उत्तरात 'आपल्या संचाने आपला सेवाकाळ आनंदाने पूर्ण केला आहे' असं वाक्य आहे. त्यातलं 'आनंदाने' माझं. त्याबद्दल मला वार्षिक सभेत प्रशस्तिपत्र मिळालं. पूर्वी तिथे 'बंद' असा शब्द होता, लोक चिडायचे. आता ते गोंधळतात. गोंधळलेला माणूस दुसरं पत्र लिहीत नाही, असं आमचे साहेब म्हणतात.

तरी मी स्वतः तांत्रिक विभागात गेलो. तो आमच्या बरोबर वर आहे, पण तिथे जायला इमारतीतून बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत यावं लागतं. तिथल्या इंजिनिअरला मॉडेलचा क्रमांक दाखवला.

"हे मॉडेल नव्हतं," तो म्हणाला.

"माझ्या मावशीच्या घरात आहे."

"असेल. आमच्याकडे नाही."

मग त्याला दया आली. जुन्या सगळ्या आवृत्त्या पुसून टाकल्या आहेत, म्हणाला. जागा हवी होती. कंपनीने 'आपला वारसा' नावाचा माहितीपट केलाय, तो तिथे ठेवलाय. त्यात तुझं मॉडेल क्षणभर दिसतं, असंही त्याने सांगितलं, धीर द्यावा तसं.

मावशी, खरं सांगू? आता नवीन टीव्ही घे. आणि पुरावाच हवा असेल तर काकांचे अंदाज चुकायचे हे आम्ही सगळी भाचरं तोंडी सांगू. काकांनी 'कोरडं' म्हटलं म्हणून माझी वरात भिजली होती.

तुझा
ढब्या

२० ऑगस्ट

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद.

कंपनीचं उत्तर आलं. 'प्रिय आनंदी ग्राहक' कोण ते आधी कळेना. पाकिटावर माझंच नाव होतं.

'सेवाकाळ आनंदाने पूर्ण केला' हे वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या कोर्टात एका आरोपीने मयताबद्दल अशी भाषा वापरली होती. त्याला सक्तमजुरी झाली.

पण मला बोलायचं आहे ते पुढच्या पानाबद्दल. 'स्वतः करून पाहा' या मथळ्याखाली तिसरी पायरी अशी: 'डिस्क पुसण्याबाबत विचारणा झाल्यास हो दाबावे.' हेही तूच लिहिलंस का? हो दाबल्यावर काय जातं ते लिहिलं नाहीस. कोणी कोणाचं काय ठेवलं असेल, ते तुझं वाक्य वाचून किती जणांनी पुसलं? आकडा असेल तर कळव.

नवीन टीव्ही नको. साक्षीदार म्हातारा झाला म्हणून कोणी दुसरा माणूस पिंजऱ्यात उभा करत नाही.

दुसरीकडे शोध.

मावशी

२ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

तू विचारलेला आकडा नाही. ज्यांनी हो दाबलं ते पुन्हा लिहीत नाहीत. जे पुन्हा लिहीत नाहीत त्यांची गणना आम्ही समाधानी ग्राहकांत करतो. या वर्षी समाधान बरंच वाढलं आहे. तुझं पत्र आल्यापासून त्या तक्त्याकडे मला नीट बघवत नाही.

शोध घेतला. इंटरनेटवर काही माणसांचा एक गट आहे. जुन्या टीव्हींच्या आवृत्त्या जपून ठेवणं हा त्यांचा छंद. त्यांचा म्होरक्या दंतवैद्य आहे, दोन पेशंटांच्या मध्ये तो हे काम करतो. त्याच्याकडे तुझ्या मॉडेलची पहिली आवृत्ती आहे आणि तिसरीही आहे. डबी भरली गेली ती दुसरीवर, आणि ती नेमकी त्याच्याकडे नाही. मला म्हणाला, "दाढ आहे, सुळा आहे, मधलाच दात पडलाय."

पण गटातल्या एकाकडे ती आहे. त्याने तिथे 'निरभ्र' असं नाव घेतलंय. मी त्याला नम्रपणे लिहिलं की एका नातेवाईकांसाठी हवी आहे. त्याचं उत्तर तुला जसंच्या तसं उतरवून देतो:

'नातेवाईकांनी वेळच्या वेळी प्रत का ठेवली नाही? लोकांना सगळं आयतं लागतं. आवृत्ती माझ्याकडे आहे व सुस्थितीत आहे. कारण कळल्याशिवाय मिळणार नाही. आज सायंकाळनंतर माझ्याशी संपर्क विरळ होत जाऊन रात्री पूर्णपणे थांबण्याची शक्यता आहे.'

मावशी, मला एक संशय येतोय.

तुझा
ढब्या

९ सप्टेंबर

चि. ढब्यास,
आशीर्वाद.

संशय कसला? आपणहून बदलणाऱ्या कुठल्याही यंत्रावर यांचा विश्वास नाही. टीव्हीची प्रत्येक आवृत्ती ते पेन ड्राइव्हवर उतरवून टायच्या डब्यात ठेवायचे. वन्संकडे जाताना टायचा डबा नेला. टॉवेल विसरले. बिनटॉवेलाचा माणूस चार टाय घेऊन हवापालटाला जातो.

त्यांच्याकडे मागायची नाही. माझं नावसुद्धा निघता कामा नये. दंतवैद्याला पुन्हा विचार. जगात दुसरा कोणी असेलच.

मावशी

१४ सप्टेंबर

ती. काकांस सा. न.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितोय. मावशीला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर माझी धडगत नाही.

'निरभ्र' तुम्हीच आहात हे मला कळलंय. ज्या नातेवाईकांसाठी मी आवृत्ती मागितली ती मावशी. तुमच्या घरचा टीव्ही आपणहून अद्ययावत झालाय आणि तिचं अडलंय. टीव्ही कशासाठी हवा ते मी सांगू शकत नाही, तसा शब्द दिलाय. पण तिला तो फार हवा आहे. तुम्ही फाइल मला पाठवलीत तर पुढचं मी बघून घेईन, तुमचंही नाव काढणार नाही.

तुमचा
ढब्या

२१ सप्टेंबर

चि. ढब्या,

नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गेल्या आठवड्यात इथे वातावरण सर्वसाधारणपणे शांत राहिलं. ताई माझी उत्तम काळजी घेते. तिच्याकडे टीव्ही आहे, पण हवामान लागलं की ती आवाज बंद करून फोन घेते. सध्याचा निवेदक हात फार हलवतो. वारे दाखवताना बाजूला सरकायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

टीव्हीवाचून तुझ्या मावशीचं अडतं हे वाचून मला आश्चर्य वाटलं. मी रोज रात्री देशभरातल्या लोकांना हवामान सांगत होतो तेव्हा ती कुकर लावायला आत जायची. आता मालिका बघत असेल. कोणती? तिच्यात सासरा आहे का? असला तर तो कसा दाखवला आहे?

फाइल टपालाने येणार नाही. टपालात दमटपणा लागतो. तुझ्याकडेही देणार नाही. तू त्या कंपनीत आहेस, आणि तुझ्या कंपनीने माझ्या पत्राला उत्तर देताना मला 'प्रिय आनंदी ग्राहक' म्हटलं होतं. ज्याला हवी त्याने स्वतः लिहून मागावी. दोन ओळी पुरेत.

ता. क. गाद्यांचं पुढे काय झालं?

नमस्कार.
काका

२९ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

आधी शिव्या दे, मग वाच. मी काकांना लिहिलं. ते म्हणतात, तू स्वतः मागितलीस तर देतील. तू मागणार नाहीस हे मला माहीत आहे आणि ते तसूभर हलणार नाहीत हेही माहीत आहे. तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले.

म्हणून आम्ही सगळ्या भाचरांनी मिळून एक मार्ग काढला. तुला नवा टीव्ही पाठवतोय. मोठा आहे, भिंतीवर लावायचा. आमच्याच कंपनीच्या 'जुना द्या, नवा घ्या' योजनेत बसवलाय. माणसं पुढच्या बुधवारी येतील, नवा लावतील, जुना घेऊन जातील. तुला काही उचलायला लागणार नाही. रेकॉर्डिंगची डबी मात्र काढून ठेव, आठवण म्हणून. आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

तुझा
ढब्या

८ ऑक्टोबर

चि. ढब्यास.

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

डबी आठवण म्हणून ठेव, म्हणतोस. टीव्हीशिवाय ती डबी म्हणजे डबी. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तू ते वाचलंस आणि प्रकार पाडलास.

तुझी माणसं काल आली. एक पुढारी आणि एक त्याच्या मागे खोका धरून. झालेलं बोलणं शब्दशः देते, तेवढी सवय अजून आहे.

"मॅडम, जुना कुठाय?"

"तो तिथे. त्याला हात लावायचा नाही."

"मग नवा कसा लावणार?"

"लावू नका."

"नवा लावल्याशिवाय जुना नेता येत नाही."

"फार छान."

"पण जुना नेल्याशिवाय नवा ठेवता येत नाही."

"मग नवा घेऊन जा."

"कसा नेणार? मोबाइलवर 'नवा दिला, ग्राहक आनंदी' दाबून झालंय."

"कधी दाबलंत?"

"खालीच. लिफ्टमध्ये रेंज नसते."

दुसरा एव्हाना खोका टेकवून स्टुलावर बसला होता. माणूस बरा दिसला. म्हणाला, "आजी, एवढं काय आहे हो त्या जुन्यात?"

मी म्हटलं, "आमचे हे आहेत."

"कुठे?"

"आत."

तो उठला आणि टीव्हीच्या मागे डोकावून आला. त्यानंतर मात्र तो माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला.

शेवटी असं ठरलं की नवा टीव्ही खोक्यातच राहील आणि एकोणीस तारखेला, सोमवारी, ते जुना न्यायला परत येतील. तेव्हा नेलाच पाहिजे, पुढारी म्हणाला, नाहीतर मोबाइलवर लाल येतं. लाल आलं की त्याचा पगार कापतात. त्याचा काही दोष नाही, हे मलाही दिसतं. खोका हॉलमध्ये उभा आहे. त्याच्यावर मी टेबलक्लॉथ टाकला आहे.

तुझ्या काकांना आजच पत्र टाकलं. प्रत सोबत जोडली आहे. वाचून फाड.

मावशी

(सोबत)

८ ऑक्टोबर

श्री. हवामानतज्ज्ञ यांस,
स. न. वि. वि.

आपल्या टायच्या डब्यात असलेली टीव्हीची दुसरी आवृत्ती मला हवी आहे. मालिकेसाठी नाही. कारण विचारू नये. एकोणीस तारखेच्या आत मिळावी, त्यानंतर टीव्ही या घरात राहणार नाही.

गाद्या वाळल्या. तुमच्या बाजूची अजून दमट आहे.

टॉवेल इथेच आहे.

कळावे.

१३ ऑक्टोबर

नमस्कार.

पत्र मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, जास्त आल्या.

आवृत्ती पाठवता येणार नाही. ती बसवायला दोन माणसं लागतात. एकाने टीव्हीच्या मागचं बटण दाबून धरायचं असतं, दुसऱ्याने त्याच क्षणी समोरून रिमोट दाबायचा असतो. तू एकटी आहेस. त्यामुळे मला यावं लागेल. शनिवारी सकाळी येतो, काम करून संध्याकाळच्या गाडीने परत निघेन. परतीचं तिकीट काढलं आहे.

हवामान कोरडं राहील. छत्री आणत नाही.

दीड वर्षात गादी वाळत नाही असं होत नाही. हवेतल्या आर्द्रतेचा मला काही अनुभव आहे.

नमस्कार.

१५ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

आशीर्वाद पुढच्या पत्रात म्हणालीस म्हणून ते पत्र यायच्या आधीच लिहितोय.

माझं चुकलं. एकोणीस तारीख रद्द करायला मी योजनेच्या विभागाला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'आपल्या आनंदात आम्ही सहभागी आहोत.' पुढे तीन परिच्छेद होते. सगळे माझेच. कुठूनही आत शिरता येईना. आपण इतकं पक्कं बांधकाम केलंय याची मला कल्पना नव्हती.

तिसऱ्या पायरीखाली मी एक ओळ घातली: 'हो दाबण्यापूर्वी डिस्कमध्ये कोण आहे ते पाहावे.' साहेबांनी बोलावून घेतलं. अशाने ग्राहक विचार करायला लागेल, म्हणाले. ओळ काढली. मी दुपारी पुन्हा घातली. सध्या आहे.

काका शनिवारी येणार असं त्यांनी मला कळवलं. तू पुरावा गोळा करते आहेस हे त्यांना आधी सांगून ठेवू का? डबी उघडली की त्यांना दिसणारच. उगाच पुन्हा वाजायला नको.

आणखी एक. तुझ्या मॉडेलची पुस्तिका मी काढून पाहिली. आवृत्ती बसवायला एकच माणूस पुरतो. पेन ड्राइव्ह लावायचा आणि थांबायचं. मागे बटणच नाही.

तुझा
ढब्या

२० ऑक्टोबर

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद. मागचे धरून.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्यांना काही सांगायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "बेल बदललीस वाटतं."

"बेल तीच आहे. तुम्ही ती कधी बाहेरून वाजवली नव्हती."

चपला काढल्या, खोका पाहिला, टेबलक्लॉथ उचलून खाली डोकावले, तो परत नीट बसवला. चहा घेतला. साखर कमी झाली म्हणाले नाहीत. वन्संकडे बरंच शिकलेले दिसतात.

मग काम. मला टीव्हीच्या मागे उभं केलं आणि एका स्क्रूवर बोट ठेवायला लावलं. "दाबून धर. मी तीन म्हणालो की सोड." मी दाबून धरलं. ते रिमोट घेऊन समोर उभे. पहिल्यांदा जमलं नाही. माझं चुकलं म्हणाले, म्हणजे माझं. दुसऱ्यांदा त्यांनी तीन म्हणायला उशीर केला. तिसऱ्यांदा टीव्ही काळा झाला, बराच वेळ काळा राहिला, आणि आम्ही दोघं आपापल्या जागी न हलता उभे होतो. कोर्टात निकाल वाचायच्या आधी असतं तसं.

सुरू झाला. डबी उघडली. पुसू का विचारलं नाही.

पडद्यावर यादी आली. एकाखाली एक, रोजच्या तारखेची. या टीव्हीला एक खोड आहे, बघितलेल्या कार्यक्रमापुढे तो 'पाहिले' असं लिहितो. यांना मालिका दिसेल असं वाटलं होतं. ते यादी खाली नेत गेले. पाहिले, पाहिले, पाहिले. खूप वेळ खाली नेत होते.

"हे सगळं तू बघितलंस?"

"पुराव्यासाठी."

"किती चुकले?"

"अजून मोजायचेत."

"सगळ्यांपुढे 'पाहिले' आहे."

"पुन्हा बघावे लागतात. एकदा ऐकून कोणी निकाल देत नाही."

त्यांनी एक बातमीपत्र लावलं. पडद्यावर ते उभे होते, पडद्यासमोरही ते उभे होते. आतले ते म्हणाले, उद्या आकाश निरभ्र राहील.

"टाय वाकडा होता," बाहेरचे म्हणाले.

"मी सांगितलं होतं."

"कधी?"

"दाराशी. तुम्ही लिफ्टमध्ये शिरला होतात."

त्यांनी नकळत गळ्याशी हात नेला. टाय नव्हता.

संध्याकाळी ते गाडीला निघाले आणि पाऊस सुरू झाला. खिडकीशी जाऊन सांगितलं की ही सर स्थानिक आहे, दहा मिनिटांत थांबेल. मी काही विचारलं नाही. छत्री कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, त्याच जागी होती. त्यांनी ती घेतली नाही. रविवारी दिवसभर पाऊस होता. गादी मी काढून दिली. तिच्यावर हात फिरवून म्हणाले, "कोरडी आहे." मी म्हटलं, "असेल."

काल सोमवारी तुझी माणसं आली. आम्ही जेवायला बसलो होतो आणि टीव्ही लावलेला होता. दुसरा, तो स्टुलावर बसणारा, त्याने पडद्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाला, "आले का बाहेर?"

मी म्हटलं, "आले."

पुढाऱ्याला मात्र टीव्ही हवा होता. यांनी ताटावरून उठून हात धुतला आणि आपल्या बातमीपत्राच्या आवाजात सांगितलं, "तो खोका घेऊन जा."

"अहो, तो नवा आहे."

"तुम्हाला काय दाबायचं आहे?"

"'जुना मिळाला.'"

"मग दाबा. खोक्यात टीव्ही आहे. टीव्ही नेलात. लाल येणार नाही."

पुढाऱ्याने थोडा विचार केला आणि दाबलं. लाल आलं नाही. तेव्हा तुझ्या कंपनीच्या नोंदीप्रमाणे नवा टीव्ही माझ्याकडे आहे, जुना तुमच्याकडे आहे आणि ग्राहक आनंदी आहे. मला वाटतं, आजवरच्या नोंदींपैकी निदान एक बाब खरी निघाली. भाचरांना सांग, टीव्ही फार सुंदर दिसतो, हॉल मोकळा वाटतो.

पुस्तिकेचं म्हणशील, तर ती माझ्याकडेही आहे. एकच माणूस पुरतो हे मी यांचं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं होतं. वाचून पुस्तिका कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. यांचा हात तिथे पोचत नाही. तू बोलू नकोस.

पाऊस आज सकाळीच थांबला. यांनी अजून खिडकीबाहेर पाहिलेलं नाही.

टीव्हीचं आपणहून बदलणं यांनी बंद करून ठेवलं आहे, त्यामुळे आता तो आधी विचारतो. आत्ता हे लिहीत असताना पडद्यावर पाटी आली: 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे. बसवू का? हो / नाही.' रिमोट त्यांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही दाबा," मी म्हटलं. "पण तो उद्या परत विचारेल. रोज विचारतो."

"रोज दाबीन," म्हणाले.

मावशी